विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर



आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीला व्याख्यानाचे बोलावणे यावे आणि वक्त्याने तेथे येऊन गर्भ, वीर्य आणि शस्त्रक्रिया यांविषयी बोलावे, ही रसिकता नव्हे हे आम्ही जाणून आहो. चिटणीसांनी पत्रात विषय लिहिला होता तो फार सोवळा होता: ‘सार्वजनिक आरोग्याचा प्रचार, धोरण आणि ते करणारी माणसे’. परंतु या विषयाचे सोवळे सोडल्याखेरीज त्यातले काहीच हाती लागत नाही. म्हणून आरंभीच क्षमा मागतो, आणि मग मात्र मागणार नाही.

आज आरोग्य सांगणे हा एक पगारी व्यवसाय झाला आहे. जिल्हा परिषदेत त्याचे अधिकारी असतात, मोठ्या संस्थांतून त्याचे तज्ज्ञ असतात, त्याच्या पदव्या मिळतात. एक जण कायदा व्हावा म्हणून सरकारच्या दारी खेटे घालतो, दुसरा धोरणाचा मसुदा लिहितो, तिसरा ते लोकांना समजेल अशा भाषेत मांडतो. ही तिन्ही कामे निराळी आहेत, त्यांना निराळी माणसे लागतात, असे आता मानले जाते. मराठीत हा व्यवसाय प्रथम ज्याने केला त्याने ही तिन्ही कामे एकट्याने केली, पगाराशिवाय केली, आणि वर दंड भरला. तो मनुष्य तुमच्याच जिल्ह्यातला. दापोली तालुक्यातील मुरूडचा.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. अण्णासाहेब कर्व्यांचे, म्हणजे पुढे १९५८ साली ज्यांना भारतरत्न मिळाले त्या महर्षींचे, हे थोरले चिरंजीव. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ साली, त्याची आई राधाबाई गेली. दोन वर्षांनी वडिलांनी विधवेशी विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. घरातल्या घरात एवढे पाहिलेला मुलगा पुढे लोकांच्या बोलण्याला भ्याला नाही, यात नवल नाही. १८९९ साली तो मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. गणित हा त्याचा विषय. मुंबईच्या विल्सन कॉलेजात तो शिकवीत असे, आणि मध्यंतरी गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसलाही राहून आला.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र उघडले होते. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ साली त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. १९२५ साली कॉलेजची नोकरी सुटली. मिशनरी चालकांना असला प्राध्यापक नको होता आणि प्राध्यापकाला गप्प बसणे नको होते. त्यानंतर घर चालविण्याचा भार बराचसा त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी उचलला. या दांपत्याने आपण मूल होऊ द्यायचे नाही असे ठरविले होते आणि ते शेवटपर्यंत पाळले. थोर पुरुषांच्या चरित्रात अशा बाईंना दोन ओळी मिळतात. आम्हीही दोनच दिल्या, त्याची आम्हांस खंत आहे.

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. पुढे सव्वीस वर्षे, नोव्हेंबर १९५३ पर्यंत, ते चालले. कर्वे वारले १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, म्हणजे मासिक आणि संपादक एकदमच संपले. या मासिकाच्या मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्राची चर्चा पुष्कळ झाली आहे. चित्र हे लोकांच्या लक्षात राहते, पण आमच्या मते त्या मासिकाचा प्राण आतल्या प्रश्नोत्तरांत होता. वाचक पत्राने प्रश्न विचारीत आणि कर्वे उत्तर देत. उत्तर लहान, कोरडे, गणिताच्या मास्तरने फळ्यावर पायरी लिहावी तसे. त्यात धीर देणे नाही, उपदेश नाही. माहीत असेल तेवढे सांगावयाचे.

आता या प्रश्नोत्तरांकडे जरा नीट पाहा. आरोग्याचा प्रचार करणारा मनुष्य बहुधा काय करतो? आपल्याला जे सांगावयाचे असते ते सांगतो. हात धुवा, पाणी उकळा, लस टोचून घ्या. सारे खरे असते आणि आवश्यकही असते. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात त्या वेळी भलताच प्रश्न असतो आणि तो विचारण्याची त्याला लाज वाटते. तो प्रश्न जोवर बाहेर येत नाही तोवर तुमचे सांगणे दाराबाहेर उभे राहते. कर्व्यांनी पत्राची सोय केली. तोंडाने जे विचारता येत नाही ते पोस्टाच्या पाकिटातून विचारता येते. नगरच्या किंवा चिपळूणच्या एखाद्या कारकुनाला आपल्यासारखाच प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी पडला आहे एवढे छापलेले दिसले, तरी त्याची अर्धी भीती जात असेल.

आणि खटला झाला तो नेमका याच पानांवर. पहिला खटला १९३१ सालचा, ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरचा. शंभर रुपये दंड झाला. दुसरा १९३४ सालचा. या वेळी गुन्हा असा की वाचकांनी हस्तमैथुनाविषयी आणि समलिंगी संबंधांविषयी विचारले आणि संपादकाने उत्तर दिले. आरोपीचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. काळ लक्षात घ्या: गोलमेज परिषदा होऊन गेलेल्या, पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, आणि हा मनुष्य एका लहानशा मासिकाच्या अश्लीलतेच्या खटल्यात उभा राहतो. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा होता की, लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते लेखन अश्लील ठरत नाही. लोक खरोखरच असे प्रश्न विचारतात, आणि ते विकृत आहेत असे मानले तरी ती विकृती ज्ञानावाचून जाणार कशी? कोर्टाला ते पटले नाही. दोनशे रुपये दंड झाला. १९३४ साली ज्या जातीचे प्रश्न छापणे गुन्हा ठरले, त्याच जातीचे प्रश्न १९९० नंतर, एड्सच्या साथीत, सरकारी दवाखान्यांतील समुपदेशक पगार घेऊन ऐकू लागले. दंडाचे दोनशे रुपये मात्र कोणी परत केले नाहीत.

कर्व्यांना देव्हाऱ्यात बसविण्याचा आमचा विचार नाही. त्यांना माणसे जोडण्याची कला नव्हती. समोरच्याची चूक दाखविताना तो कोण आहे, उद्या त्याची आपल्याला गरज पडेल का, हे ते पाहत नसत. गांधीजींचा संततिनियमनाच्या साधनांना विरोध होता आणि संयम हाच त्यांचा उपाय होता. कर्व्यांनी त्यावर जी टीका केली ती तर्काने बिनतोड आणि परिणामाने शून्य. मार्गारेट सँगर बाईंनी १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्यास जाऊन गांधीजींशी प्रत्यक्ष चर्चा केली. त्यांनाही गांधीजींचे मन वळविता आले नाही, परंतु त्या भेटीची जगभर चर्चा झाली. ज्याला धोरण बदलावयाचे आहे त्याला असा व्यवहार यावा लागतो. कर्व्यांना तो येत नव्हता, आणि यावा असे त्यांना वाटतही नव्हते.

व्यवहाराची ही बाजू त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका घराण्याने सांभाळली. ज्या १८९९ साली रघुनाथराव मॅट्रिकला पहिले आले, त्याच साली मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. त्यांच्या कन्या शकुंतलाबाई. त्यांनीही केंब्रिजला गणितच घेतले. ‘कुंकू’ चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातील म्हाताऱ्या काकासाहेबांची सुशिक्षित मुलगी आठवेल. ती भूमिका यांची. १९३८ पासून पुण्यात त्यांनी संततिनियमनाचे काम हाती घेतले. पुढे १९५८ ते १९६४ त्या विधानपरिषदेत होत्या, नंतर १९७० पर्यंत राज्यसभेत. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. कर्वे ज्या गोष्टीसाठी कोर्टात उभे राहिले तीच गोष्ट परांजपेबाईंनी सभागृहात उभे राहून मांडली. एकाच तालुक्याच्या मातीतले हे दोन गणिती. एकाने सिद्धांत मांडला, दुसरीने तो व्यवहारात आणला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

सरकारी धोरणाची गोष्ट याहून संथ आहे. म्हैसूर संस्थानाने १९३० साली आपल्या दवाखान्यांतून संततिनियमनाची केंद्रे उघडली. मुंबईच्या विधानसभेत १० नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांच्या पक्षाचे रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. ते भाषण बाबासाहेबांनीच तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, पहिल्या पंचवार्षिक योजनेत भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. सबंध देशाचा असा सरकारी कार्यक्रम घेणारा भारत हा जगातला पहिला देश. कर्वे तेव्हा हयात होते, सत्तर वर्षांचे होते, मासिक चालू होते.

आणि सरकारने सुरुवात कशाने केली? मण्यांच्या माळेने. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या अनुयायी. त्यांना साधने नको होती, दिवस मोजण्याची पद्धत चालत होती. म्हणून अमेरिकन तज्ज्ञ डॉ. अब्राहम स्टोन यांच्या देखरेखीखाली दिल्लीत आणि म्हैसूरकडे प्रयोग झाला. बाईला एक माळ द्यावयाची, भीतीच्या दिवसांचे मणी एका रंगाचे, निर्धास्त दिवसांचे दुसऱ्या रंगाचे. बाईने रोज एक मणी सरकवावा. कल्पना कागदावर सुंदर. परंतु मणी सरकविल्यावर रात्री नवऱ्याला ‘आज नको’ कोणी सांगावयाचे, आणि सांगितले तर तो ऐकणार का, हा प्रश्न माळेत ओवलेला नव्हता. तो बायकांना कोणी आधी विचारला असता तर माळा करण्याचा खर्च वाचला असता. प्रयोग फसला.

पुढे लाल त्रिकोण आला. धर्मेंद्रकुमार त्यागी या अधिकाऱ्याचे नाव त्या चिन्हाशी जोडलेले आहे. वाचता न येणाऱ्यालाही ओळखता यावे असे साधे चिन्ह, चार हसरे चेहरे, ‘दोन किंवा तीन पुरेत’. भिंती रंगल्या, एसटीच्या पाठी रंगल्या, १९६८ पासून निरोध किराण्याच्या दुकानात मिळू लागला. प्रचाराचे काम म्हणून आम्ही त्याला मोठे मानतो. इतके साधे आणि इतके सर्वदूर पोहोचलेले चिन्ह आपल्या देशाने दुसरे क्वचितच केले असेल. त्याच्यात एकच उणे होते. भिंत बोलते, ऐकत नाही.

येथे एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या एका काकूला तिसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशनला नेले. काका मुंबईला गिरणीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पण ‘ती केली की अंगातली ताकद जाते, मग माडावर चढता येत नाही, मशीनवर उभे राहता येत नाही’, असे चाळीत सर्वांना ठाऊक होते. म्हणून काकूच गेली. रांगेत तिने नर्सबाईंना विचारले, “बाई, मग मला भाताचा भारा उचलता येईल ना?” नर्सबाई म्हणाल्या, “डॉक्टरसाहेबांना विचारा.” तिने डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, “पुढची.” त्यांचाही दोष आम्ही काढीत नाही, त्यांना त्या दिवशी आकडा गाठायचा होता. काकू पुढे चाळीस वर्षे जगली. भारे उचललेच, उचलल्यावाचून कोणी सोडते का? पण कंबर दुखली, ताप आला, सून नीट बोलली नाही, की ती म्हणायची, “ऑपरेशन झाल्यापासून असेच.” तिच्या प्रश्नाला ‘थोडे दिवस उचलू नका, मग उचला’ एवढे उत्तर पुरे होते. ते न मिळाल्यामुळे तिने स्वतःचे उत्तर तयार केले, आणि ते वाडीतल्या प्रत्येक नव्या सुनेला सांगितले.

काकांच्या चाळीतल्या प्रश्नाचेही उत्तर येथेच देऊन टाकतो, कारण ते अजून पुष्कळांना हवे आहे असा आमचा अनुभव आहे. पुरुषाच्या शस्त्रक्रियेत बीज वाहून नेणारी नळी बंद करतात, एवढेच. ज्या द्रव्याने दाढीमिशा येतात, जोम राहतो, ते त्या नळीतून जातच नाही. ते रक्तातून जाते, आणि शस्त्रक्रियेनंतरही तसेच जात राहते. वीर्याचा बहुतेक भाग दुसऱ्या ग्रंथींतून येतो, म्हणून त्यातही दिसण्यासारखा फरक पडत नाही. मात्र शस्त्रक्रिया झाल्या दिवसापासून निर्धास्त होता येत नाही. नळीत आधीचे बीज उरलेले असते, म्हणून सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे आणि मग तपासणी करून घ्यावी. हे शेवटचे वाक्य न सांगितल्यामुळे किती घरांत बायकोवर भलताच संशय आला असेल! स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते, पुरुषाच्या शस्त्रक्रियेत नाही. एवढी वाक्ये झाली. छत कोसळलेले दिसत नाही.

१९७५ साली आणीबाणी आली आणि सांगण्याची गरजच संपली असे सरकारला वाटले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील तीनचतुर्थांशाच्या आसपास पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही, म्हणून ते कायद्यात उतरले नाही. परंतु सक्तीचे असे विधेयक मंजूर करणारे विधिमंडळ आपले होते, हे आपण सोयीने विसरलो आहो. कर्वे आणि आंबेडकर ज्या राज्यातले, त्या राज्यात हे घडले. कर्व्यांचा सारा खटाटोप माणसाला, आणि विशेषेकरून बाईला, आपल्या शरीराविषयी स्वतः ठरविता यावे यासाठी होता. त्यांचे साधन सरकारने घेतले आणि त्यामागचा हेतू टाकून दिला. १९७७ साली सरकार पडले, ‘कुटुंबनियोजन’ हे नाव बदलून ‘कुटुंबकल्याण’ झाले, आणि पुरुष जे दवाखान्याच्या पायरीवरून खाली उतरले ते पुन्हा चढले नाहीत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीचा आकडा ऐका. देशातील विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांत बाईची शस्त्रक्रिया झालेली आहे, पुरुषाची ०.३ टक्क्यांत. पोट उघडावे लागणारी शस्त्रक्रिया शंभरात अडतीस, न उघडावी लागणारी हजारात तीन. याला तुम्ही परंपरा म्हणाल, पुरुषी अहंकार म्हणाल, तोही आहेच. पण त्याच्या तळाशी आमच्या काकांच्या चाळीतला न विचारलेला प्रश्न आणि आणीबाणीत न ऐकलेला नकार, हे दोन्ही आहेत असे आमचे मत आहे.

दरम्यान हेतू म्हणाल तर साधला. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील जननदर दर बाईमागे १.७ इतका, म्हणजे दोनाच्याही खाली. आणि हा तुमचा जिल्हा? २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती, २०११ साली १६,१५,०६९. वाढणे सोडाच, उणे झाली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. याचे कारण केवळ संततिनियमन नव्हे. माणूस मुंबईला जातो आणि घर बाईच्या आणि कुलपाच्या स्वाधीन करतो. पण ज्या गावात शाळेच्या पटावर सात मुले उरली आहेत, त्या गावाच्या भिंतीवर अजून लहान कुटुंबाचा उपदेश दिसला म्हणजे हे कोणाला उद्देशून आहे असा प्रश्न पडतो. तिथल्या बाईचे प्रश्न आता निराळे आहेत. पाळी जाताना एवढे अंगावर का जाते? गर्भपिशवी काढून टाका म्हणतात, ती काढलीच पाहिजे का? तांबी बसवून दहा वर्षे झाली, ती काढायची कधी? सुनेला दिवस राहत नाहीत, तर मुलालाही तपासायला कसे सांगू?

हे प्रश्न आज ऐकते ती बहुधा आशा. २००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात आलेली, त्याच गावची, कामाप्रमाणे मोबदला घेणारी बाई. धोरण लिहिणारा तिला ओळखत नाही, प्रचाराचा तज्ज्ञ तिच्या हातात पत्रक देतो. पण प्रश्न कानी पडतो तो तिच्याच. त्यांतील एक ताई आम्हांस म्हणाल्या, “सर, मला सांगायला पुष्कळ शिकवलंय. बायका जे विचारतात ते मी कुणाला विचारू?” कर्व्यांच्या वाचकाजवळ निदान कर्व्यांचा पत्ता होता.

म्हणून आम्ही आज एक आगळीक केली आहे. चिटणिसांच्या संमतीने बाहेर, पुस्तकविक्रीच्या टेबलाशेजारी, दोन डबे ठेवले आहेत. एक बायकांकडच्या दारापाशी, एक पुरुषांकडच्या. कागद आणि पेन्सिली तिथेच आहेत. नाव लिहू नका, गाव लिहू नका, अक्षर ओळखू येईल अशी भीती असेल तर डाव्या हाताने लिहा. या शहरातील एक डॉक्टरीणबाई आणि एक डॉक्टर उद्या व्याख्यानापूर्वी अर्धा तास, याच व्यासपीठावरून, एकही चिठ्ठी न वगळता उत्तरे देणार आहेत. चिठ्ठ्या थोड्या आल्या तर आम्ही डबे रात्रभर बाहेरच ठेवू.